आबांचा बंड्या, आमची मुलं आणि रिडेव्हलपमेंट

खारघरवासी

सासरे नौपाड्यात राहतात. तीन मजली जुनी बिल्डिंग, पहिला मजला, लिफ्ट नाही. सासूबाई गेल्यापासून घरात ते आणि बंड्या असे दोघेच. बंड्या देशी आहे, तांबूस, एक कान कायम दुमडलेला, वय बाराच्या आसपास. सासूबाईंनी गोखले रोडवरच्या एका बंद दुकानाच्या पायरीखालून उचलून आणला होता, तेव्हा तळहातावर मावत होता म्हणे.

माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सुट्टीच्या दिवशी ठाण्याला जायचं ठरलं की आम्ही म्हणतो "आबांकडे" आणि मुलं म्हणतात "बंड्याकडे". बेल वाजवायची वेळच येत नाही. जिन्यात मुलांच्या चपला वाजल्या की आतून कुंई कुंई सुरू. दार उघडलं की आधी मुलाच्या कानात नाक, मग मुलीच्या सॅकची कसून तपासणी, आणि आम्हा दोघांना नावापुरती शेपटी. जेवताना तो मुलाच्याच खुर्चीखाली बसतो, कारण पोळीचे तुकडे तिथेच पडतात. आबांना दिसत नाही असं मुलाला वाटतं.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. करार झाला, दिवाळीनंतर घर रिकामं करायचं. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, म्हणजे किती ते इथल्या लोकांना सांगायला नको. बिल्डर भाडं देणार आहे, पण जवळपास घर मिळत नाही. एजंट आधी विचारतो व्हेज की नॉनव्हेज, मग विचारतो माणसं किती, आणि कुत्रा म्हटलं की "नंतर फोन करतो".

नणंद पुण्याला असते. ती म्हणते बाबांना माझ्याकडे पाठवा. पण तिच्या घरी दम्याचा पेशंट आहे, बंड्या तिथे शक्य नाही. म्हणजे बाबा पुण्याला आणि बंड्या आमच्याकडे, असं घाटतंय. मुलं तर नाचतायत. नवरा म्हणतो या वयात कुत्र्याला नवीन घर सोसणार नाही. सासरे म्हणतात "बघा, तुम्हाला काय सोयीचं पडतं ते." हे वाक्य ज्यांनी आपल्या घरात ऐकलंय त्यांना कळेल मी का लिहितेय.

कोणी म्हाताऱ्या कुत्र्याला असं हलवलंय का? मुलांचा आणि त्याचा लळा आहेच, पण रोज एका घरात राहायचं म्हणजे वेगळं. सगळे अनुभव सांगा, कडू असले तरी.

मोगरा

वाचतेय. आमच्याकडेही हीच वेळ येणार आहे, पाचपाखाडीत.

निवांत_नंदू

आणा हो घरी बिनधास्त. कुत्र्यामुळे मुलांना जबाबदारी कळते.

सीवूड्सची_सून

नंदू, घरी कुत्रा आहे का तुमच्या? जबाबदारी मुलांना पहिले काही दिवस कळते, नंतर सकाळी सहाला पाऊस चालू असताना ती आईला कळते. आमच्या सासूबाईंची लॅब्रॅडोर दोन वर्षं आमच्याकडे होती, म्हणून लिहितेय. मुलांचं प्रेम खोटं नव्हतं, पण प्रेम संध्याकाळचं असतं. शी-शू सकाळची असते. खारघरवासी, सकाळी कोण उठणार ते आजच ठरवा आणि नवऱ्याकडून लेखी घ्या.

खारघरवासी

सीवूड्सची_सून, नवऱ्याला वाचून दाखवलं. हसला आणि विषय बदलला.

गोचीड_विरोधी

मी व्हेट आहे, ठाण्यातच. धाग्यावर तपासणी होत नाही, तरी थोडं लिहितो.

बारा वर्षांचा देशी म्हणजे म्हातारा, पण मोडकळीला आलेला नव्हे. आपले देशी कुत्रे तेरा-पंधरा वर्षं सहज काढतात. माणसाची सात वर्षं म्हणजे कुत्र्याचं एक, हा हिशोब सोडून द्या. पहिल्या दोन वर्षांत ते झपाट्याने मोठे होतात, पुढे वेग कमी होतो आणि जातीप्रमाणे, आकाराप्रमाणे तो बदलतो.

हलवण्याआधी एकदा रक्त, लघवी, दात, सांधे आणि डोळे तपासून घ्या. डोळ्यात निळसर झाक दिसली तर घाबरू नका, वयाने भिंगं घट्ट होतात आणि तशी झाक येते, नजर बऱ्यापैकी टिकते. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा दिसतो. कान मंद झाले असतील तर मात्र मुलांना शिकवावं लागेल. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावला की तो दचकतो, आणि दचकलेला कुत्रा आधी दात लावतो, मग बघतो कोण आहे. पाच वर्षांचं मूल वाकलं की त्याचा चेहरा बंड्याच्या तोंडासमोरच येतो. लहान मुलांना चावा अनेकदा ओळखीचा कुत्राच घेतो, आणि तो बऱ्याचदा चेहऱ्यावर बसतो. नियम एकच: झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि कोपऱ्यात गेलेल्या बंड्याला हात लावायचा नाही.

तो गुरगुरला तर त्याला रागवू नका. गुरगुरणं म्हणजे त्याची विनंती. ती दाबली की पुढच्या वेळी तो विनंती न करताच चावतो.

घर बदलताना त्याचं अंथरूण धुऊ नका. बाई लोकांना हे जड जातं, माहीत आहे. आबांच्या वासाची एखादी जुनी बंडी किंवा पंचा त्यात ठेवा. जेवणाच्या वेळा त्याच ठेवा. सुरुवातीला पूर्ण घर मोकळं न देता एक खोली द्या. रात्री उठून येरझाऱ्या घालत असेल, भिंतीकडे तोंड करून उभा राहत असेल, ओळखीच्या दारापाशी अडखळत असेल तर सांगा, वयाने मेंदूही थकतो आणि त्यावर थोडे उपाय आहेत.

सीवूड्सची_सून

"बाई लोकांना" का? आमच्याकडे अंथरूण नवरा धुतो.

गोचीड_विरोधी

मान्य. मागे घेतो.

उपवनकाठ

अंथरुणाचं अगदी खरं. आमचे आजोबा येऊरच्या पायथ्याला राहायचे. संध्याकाळ झाली की राजा आणि टिप्या दोघांना आत घ्यायचे, कडी लावायचे. जंगल संजय गांधी उद्यानाचं, बिबट्या खाली उतरतो आणि त्याला कुत्रा आवडतो. आम्हा नातवंडांना वाटायचं कुत्रे आपली राखण करतात. आजोबा म्हणायचे, "रात्री मी त्यांची करतो."

कोकणातला_बाळू

आमच्या आजोबांचा मोत्या घरात कधी आलाच नाही. पडवी ही त्याची हद्द. ताटातलं उरलंसुरलं त्याच्या करवंटीत, बस. तरी आम्ही मे महिन्यात एसटीतून उतरलो की तिठ्यावर उभा. आजोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी एकदाही पाहिला नाही. तो मेला तेव्हा मात्र आंब्याखाली खड्डा त्यांनी स्वतः खणला, गड्याला हात लावू दिला नाही. आताचं स्वेटर, बर्थडे केक वगैरे मला झेपत नाही. पण लळा तेव्हाही होताच.

तळ्यापाळचा

अवांतर: वाघ्याच्या समाधीवर कोणी काहीच कसं बोललं नाही अजून?

संपादक

आणि कोणी बोलणारही नाही. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथेही नीट बोला.

वसंत_विहारची_आजी

मी आजीच्या बाजूने लिहिते. धाग्यावर आजी मी एकटीच दिसते.

माझा नातू बोलताना अडखळतो. शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली की त्याच्या पोटात दुखतं. माझ्याकडे पामेरियन आहे, सोनी, मुलखाची आळशी. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते, बाहेर कोणीतरी वाचतंय असं वाटलं. डोकावून पाहिलं तर हा सोफ्याला टेकून बालभारतीतला धडा सोनीला वाचून दाखवत होता. एका शब्दावर अडला. पुन्हा अडला. सोनीने डोळे मिटले. हा पुढे गेला. माणसं काय करतात, तो अडला की आपण शब्द पुरवतो. प्रेमानेच पुरवतो, पण त्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं होतं ते. सोनी शब्द पुरवत नाही.

मुलीला सांगितलं तर तिने शोधून काढलं की अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून असा कार्यक्रमच चालतो. ग्रंथालयात शिकवलेले कुत्रे येऊन बसतात आणि मुलं त्यांना वाचून दाखवतात. आमच्या सोनीला कोणी काही शिकवलेलं नाही. तिला फक्त झोप येते.

त्याची अडखळ गेली का? नाही. स्पीच थेरपी चालू आहे ती आहेच. पण माझ्याकडे आला की पुस्तक घेऊन येतो.

मोगरा

आजी, किती छान लिहिलंत.

एमएस्सी_मानसी

वरच्याला धरून: जपानमधल्या संशोधकांचा २०१५ चा अभ्यास आहे, 'सायन्स'मध्ये आला होता. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच हे संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं दिसलं नाही.

कोकणातला_बाळू

मोत्या माझ्या डोळ्यात बघायचा तेव्हा माझ्या हातात बांगडा असायचा.

कायदेपंडित_कोपरी

सोसायटीचं कोणी बोललं नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, तिचे जादा पैसे घेता येत नाहीत. उलट बाजूने, मालकाने घाण उचलायची, सार्वजनिक जागेत पट्टा लावायचा, लसीकरण चोख ठेवायचं.

खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. तेव्हा ठाण्यात काढलेला परवाना असेल तर त्याच्यावर विसंबू नका, पनवेलला चौकशी करा. रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट हाताशी ठेवा, सगळं त्यावर अडतं.

लिफ्टमधला_माणूस

सूचना बरोबर असतील. पण माझी मुलगी कुत्र्याला घाबरते आणि आमच्या लिफ्टमध्ये रोज एक डॉबरमन असतो. मालक म्हणतात "काही करत नाही तो." तो काही करत नाही हे मुलीच्या पायांना कळत नाही. कायद्याच्या आधी "तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो" एवढं म्हटलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

खारघरवासी

लिफ्टमधला_माणूस, पटलं. आमच्या मजल्यावरही एक छोटी आहे. तिच्या आईशी आधीच बोलून घेईन.

खाण्याचं विचारायचं होतं. सासरे बंड्याला आपल्या ताटातलं सगळं देतात. दूधभात, वरणभात, रविवारी चिकनचं पाणी. भातावर तूपसुद्धा. मुलगी म्हणते आबा नामदेव आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची गोष्ट तिला त्यांनीच सांगितली आहे.

गोचीड_विरोधी

नामदेवांच्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा त्रास झाल्याची नोंद नाही, पण माझ्याकडे तशी बरीच येतात. या वयात तूप बंद, मुलीला वाईट वाटलं तरी. चिकनचं पाणी चालेल, कांदा-लसूण न घालता. कांदा कच्चा असो की आमटीतला, रक्तपेशी फोडतो. चॉकलेट नाही. द्राक्षं नाहीत, आणि बेदाणेही नाहीत. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे खाऊन किडनी बिघडलेला कुत्रा मी पाहिला आहे. लहान मुलं प्रसाद वाटतात ती प्रेमानेच, म्हणून त्यांना हे आधी सांगा. शुगर फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते तर फारच वाईट. ग्लुकोज बिस्किटं विष नव्हेत, पण म्हाताऱ्या दातांवर रोज साखर कशाला.

पावसाळ्यात गोचीड बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. गोचिडीमुळे ताप येतो आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तो लोळवतो. काढताना चिमटा, पिळायची नाही, नखाने चिरडायची नाही, स्पिरिटमध्ये टाकायची. लेप्टोची लस राहिली असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी द्या.

आणि खेळताना जरी दात लागला, रक्त आलं: वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. हळद, चुना, तिखट काही नाही. "आपल्याच बंड्याचा दात आहे" म्हणून थांबायचं नाही.

खारघरवासी

गोचीड काढायचं काम आमच्याकडे आबा आणि मुलगी मिळून करतात. गॅलरीत वर्तमानपत्र पसरतं. आबांच्या हातात चिमटा, तिच्या हातात स्पिरिटची वाटी. बंड्या आबांच्या मांडीवर मान टाकून पडतो. ती टॉर्च धरते आणि "इथे एक, आबा, इथे" करत मोजते. आबांना आता जवळचं नीट दिसत नाही, म्हणून शोधायचं काम तिचं. आजी कशी होती, बंड्या आला तेव्हा तिने त्याला ड्रॉपरने दूध कसं पाजलं, आजी चिडली की बंड्या सोफ्याखाली कसा जायचा, हे सगळं तिला तिथे कळलंय. आजी गेली तेव्हा ती खूप लहान होती. हे मी लिहायला बसले नव्हते, वरची पोस्ट वाचून आठवलं.

कळव्याची_काकू

मघापासून वाचतेय. आता बोलते, राग मानू नका.

बंड्या कुठे जाणार यावर इतकी चर्चा झाली आणि सासरे पुण्याला जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. अहो, तुमच्या शेवटच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. मुलीला बंड्या आवडतो तो गॅलरीतला, आबांच्या मांडीवरचा. तिथून आबा काढले तर उरतो एक म्हातारा कुत्रा, जो तुमच्या दाराकडे तोंड करून बसेल. मुलं त्याला घेऊन खेळायला जातील आणि तो यायचा नाही, मग ती हिरमुसतील. आणि पुण्याला आबा सकाळी सहाला उठून काय करतील? बंड्यासाठी ते रोज जिना उतरतात. तो नसेल तर कशाला उतरतील?

आमच्या शेजारी असं झालं. आजोबांना मुलाकडे नेलं आणि कुत्रा मामेभावाला दिला. सोय छान झाली. आजोबा चालायचे थांबले. डॉक्टर गुडघा म्हणाले, तो तर आधीही होताच.

दोघांना एकत्र ठेवा. कुठे ते तुम्ही बघा.

सीवूड्सची_सून

काकूंना अनुमोदन. आणि सासरे "तुम्हाला सोयीचं ते" म्हणतात म्हणजे त्यांना काही हवं नाही असं नव्हे.

निवांत_नंदू

पण तीन वर्षांत बंड्या पंधराचा होणार. स्पष्ट बोलतो, तो नवीन घरात परत जाईलच असं नाही. मुलांनी ते रोज समोर बघावं का?

वसंत_विहारची_आजी

बघावं. घरातलं माणूस म्हातारं होतं ते मुलांनी बघायचं नाही तर कोणी? माझ्या आधीच्या कुत्रीला शेवटी पायऱ्या चढवत नव्हत्या, तर नात तिच्या पोटाखाली टॉवेल घालून तिला उचलायला मदत करायची. आता माझे गुडघे दुखतात तर तीच न सांगता हात देते. टॉवेल घालत नाही एवढंच.

एमएस्सी_मानसी

फक्त गेल्यावर "गावाला पाठवलं" असं सांगू नका. मुलं गावाची चौकशी करत राहतात.

खारघरवासी

थोडे दिवस लिहिलं नाही, कारण घर शोधत होतो.

काकूंची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली, या वेळी त्याने विषय बदलला नाही. आमच्याच सेक्टरमध्ये, दोन बिल्डिंग सोडून, तळमजल्यावर वन बीएचके मिळाला. मालकीणबाईंकडे स्वतःच्या तीन मांजरी आहेत, त्यामुळे कुत्रा म्हटल्यावर त्यांनी फक्त "मांजरांच्या मागे लागतो का" एवढंच विचारलं. सासरे म्हणाले "आता तो कशाच्याच मागे लागत नाही." बिल्डरच्या भाड्यात बसतंय आणि वर थोडं उरतंय, नौपाड्यात हे झालं नसतं. तळमजला, म्हणजे जिन्याचा प्रश्नही सुटला. नणंद आधी रागावली होती, आता गणपतीला इथेच येते म्हणाली. तिचा नवरा अंगणात बसेल.

सगळं गोड नाही. सासऱ्यांचा तलावपाळीचा ग्रुप सुटणार. कित्येक वर्षं तीच माणसं, तोच बाक. ठाणे-पनवेल लोकल थेट आहे, आठवड्यातून एकदा जाईन म्हणतात, पण रोजचं ते रोजचं. कोपिनेश्वरला सोमवारी जायचे, तेही गेलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुलीने वेळापत्रक केलंय. सकाळची फेरी आबांची, संध्याकाळची तिची आणि आबांची, मुलाकडे पाणी भरायचं काम. तुपाच्या रकान्यात फुली मारली आहे आणि खाली आबांची सही घेतली आहे. सही करताना ते म्हणाले "चमचाभर चालेल का, डॉक्टरांना विचार." म्हणून विचारते.

गोचीड_विरोधी

नाही.

उपवनकाठ

अभिनंदन! सामान हलवण्याच्या दिवशी बंड्याला गडबडीत ठेवू नका. पॅकर्सवाल्यांनी दार उघडं टाकलं आणि कुत्रा पळाला असे प्रकार होतात. आदल्या दिवशी तुमच्याकडे आणा, नाहीतर शेवटच्या फेरीला न्या. पट्ट्यावर नवीन फोन नंबर आधीच लावा. सुटला तर तो नौपाड्याच्या दिशेने निघेल आणि मध्ये पूर्ण ठाणे-बेलापूर रोड आहे.

मोगरा

नौपाडा ते खारघर कुत्र्याला कसं नेणार? टॅक्सीवाले घेतात का? मलाही लागणार आहे ही माहिती.

खारघरवासी

दोन टॅक्सीवाल्यांनी बुकिंगनंतर कुत्रा बघून नकार दिला असं शेजारच्यांनी सांगितलं, म्हणून आम्ही टेम्पोवाल्यालाच विचारलं. तो तयार आहे. पण पुढे ड्रायव्हरशेजारी एकच जागा आहे, तेव्हा कुत्रा पुढे बसला तर काकांना आमच्या गाडीतून यावं लागेल म्हणाला. सासरे म्हणाले बंड्याला तुमच्या गाडीत घ्या, मी टेम्पोने येतो, सामानावर लक्ष राहील. मुलं म्हणतायत आम्हालाही टेम्पोतच बसायचंय. अजून ठरलेलं नाही.